‘घ्या ताई’

वहीत आजच्या व्हॉलीबॉलच्या सरावाची मिनिटं मांडलेली होती. अंग गरम करायला दहा, सर्व्हिसला वीस, पासिंगला तीस. सात वाजता सहा जणींच्या संघाची यादी द्यायची होती. कोचबाईनं पाच नावं लिहिली होती. सहावी ओळ कोरी होती, आणि तिच्यापायी दोन दिवस घरातली भांडी जरा जोरातच आपटत होती.

कारण मागच्या रांगेत शेजारीशेजारी उभ्या होत्या कोचची लेक आणि कोचची सून. लेकीला सगळ्या ताई म्हणत. सून चणीनं लहान, म्हणून चिमणी. ताईचं नाव पक्कं होतं, चिमणीचं टांगणीला.

कोचनं दोघींच्या बरोब्बर मधोमध चेंडू टाकला.

"घ्या ताई," चिमणी म्हणाली.

ताई तिच्याकडे बघत राहिली. चेंडू दोघींमध्ये धप्पकन पडला.

"अगं, तुझ्या पुढ्यात होता," ताई करवादली.

"मला वाटलं, तुम्ही घेताय."

"वाटून घेऊ नकोस. उडी मार."

बाकावर बसलेली बदली खेळाडू खुदकन हसली. "जेवायला बसल्यात की काय? किती तो आग्रह."

दुसरा चेंडू. घ्या ताई. धप्प. असे पाच झाले. घड्याळात पावणेसात. कोचनं वही उघडून पेनाचं टोपण काढलं, तशी बदली खेळाडू बुटांच्या नाड्या आवळायला वाकली. चिमणीनं ते पाहिलं.

तेवढ्यात कोचला आपलाच आवाज आठवला. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ओट्यापाशी सुनेला हळूच बजावलेलं, "ताई मोठी आहे. अगंतुगं नको. काहीही करताना आधी तिला विचारत जा." सून सांगितलेलं विसरणाऱ्यातली नव्हती. तिथंच तर घोडं अडलं होतं.

कोचनं वही मिटली. मिनिटं गेली खड्ड्यात.

"आता कोर्टावर कुणी कुणाला घ्या म्हणायचं नाही. एकच शब्द, ‘माझा’. मध्ये जो येईल त्याला हटवायचं. ताई, चेंडू तू टाक. तुझ्या जागेवर मी."

चिमणी एक पाऊल मागे सरकली. पहिला चेंडू आला. कोच खांबासारखी उभी.

"घ्या आ..." धप्प.

"शेवटचा," कोच म्हणाली. "हा पडला तर तुझं नाव नाही. घरी काय होईल ते होईल."

ताईनं चेंडू उंच उडवला. तो थेट कोचच्याच छातीवर येत होता. तिचे हात सवयीनं पुढे निघाले.

"माझा! हट!"

खांद्याला दणका बसला आणि कोचनं बसकण मारली. चेंडू चिमणीच्या मनगटांवरून उसळून नेटपाशी उभ्या सेटरच्या ओंजळीत अलगद गेला.

सुनेनं सासूला हट म्हटलं होतं.

"आई, लागलं का हो?" चिमणी धावत आली.

"कोच म्हण. आणि ती वही दे इकडे."

बसल्या जागीच तिनं सहावं नाव लिहिलं. खांदा ठणकत होता, अक्षर वाकडं आलं.

"घरीपण हट म्हणाली तर?" ताईनं विचारलं.

"त्याचं वेळापत्रक," कोच चिमणीच्याच हाताला धरून उठत म्हणाली, "मी अजून लिहिलेलं नाही."