हात न पोचलेला कोपरा

मित्रांनो, कार्यालयामागच्या सामानखोलीत कधी शिरलात, तर मोडके पंखे आणि गुंडाळलेल्या सतरंज्या यांच्या पलीकडे तुम्हाला धुळीने माखलेला एक डोंगर दिसेल. दचकू नका, तो मीच. मी एक जुना उठावाचा नकाशा आहे. कागदी नकाशा नुसता पाहायचा असतो. माझ्यावरून हात फिरवता येतो. निदान मला घडवले त्यासाठीच. हल्ली माझ्या दऱ्याखोऱ्यांतून फिरतो तो एक कोळी, आणि तोही फारसे बोलत नाही.

मी ज्या जमिनीचा नकाशा आहे, ती शहराबाहेरची सरकारी मोकळी जमीन. तिथे डांबरी रस्ता नाही आणि लोकांना नेमके तेच आवडते. कोणी जीप घेऊन दगडधोंड्यांतून वाट काढतो, कोणी मोटरसायकल चढावर घालतो, कोणी घोड्यावरून रपेट करतो, तर कोणी आपला पायी फिरतो. एवढ्या सगळ्यांनी एकच जमीन वापरायची म्हटल्यावर भांडणे आलीच. म्हणून एक सल्लागार मंडळ नेमले होते. वापरणाऱ्यांच्या प्रत्येक गटाचा एक प्रतिनिधी त्यात बसे. कोणती वाट उघडी ठेवावी आणि कोणती ओली असताना बंद करावी, हे मंडळ त्या जमिनीची देखरेख करणाऱ्या सरकारी साहेबांना सुचवत असे.

मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष भूगोलाच्या शिक्षिका होत्या. सगळे त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत. सुरुवातीच्या बैठकांत त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. ‘त्या वळणावर’ असे सगळेच म्हणत, पण प्रत्येकाच्या मनातले वळण वेगळे असे. माणसे तासभर हमरीतुमरीवर येत आणि शेवटी कळे की एकजण पूर्वेच्या नाल्याबद्दल बोलत होता, तर दुसरा पश्चिमेच्या. मग बाईंनी मला घडवले. समान उंचीच्या रेषांवरून पुठ्ठे कापले, एकावर एक चिकटवले, वरून कागदाचा लगदा आणि प्लास्टर चढवले. चढ बोटांना कळावेत म्हणून उंची मुद्दाम दुप्पट धरली. मी पुरता वाळेपर्यंत त्या मला कोणाला हात लावू देत नव्हत्या. वाळल्यावर मात्र त्यांनी नियमच केला, “आता हात लावल्याशिवाय कोणी बोलायचं नाही. आधी जागेवर बोट ठेवा, मग तोंड उघडा.”

तीच मंडळाची रीत झाली.

ते माझे सुखाचे दिवस होते. दुचाकीवाल्यांचा प्रतिनिधी एक मेकॅनिक होता. त्याला सगळे प्लगदादा म्हणत, कारण त्याच्या खिशात नेहमी एखादा काळा पडलेला प्लग असे. घोडेस्वारांच्या बाजूने ताई येत. त्या तबेला चालवायच्या आणि त्यांचा आवाज दोन खोल्यांपलीकडे ऐकू जायचा. दोघांची बोटे माझ्या मधल्या चढावर एकदमच पडत.

“तुमच्या फटफट्यांच्या धुरळ्यानं माझी घोडी दिवसभर शिंकते,” ताई म्हणत.

“आणि तुमच्या घोडीनं वाटेवर जे ठेवलं, त्यावरून परवा मी घसरलो, त्याचं काय?”

“बघून चालवावं माणसानं!”

“ताई, हेल्मेटमधून वास येत नाही हो.”

खोली हसायची. भांडणही मिटायचे, कारण दोन्ही बोटे एकाच जागी टेकलेली असत आणि जागा तर समोर दिसत असे. वर्षातून एकदा बाई सगळ्यांना घेऊन ती जमीन पायी फिरत आणि परत आल्यावर माझ्यात दुरुस्त्या करत. वाहून गेलेला काठ खरवडायच्या, नवी वाट रंगवायच्या. बाहेरगावचे लोक मुद्दाम मला पाहायला येत.

बोटे पडून पडून माझा मधला चढ गुळगुळीत झाला. नाल्याकाठचा रंग उडून आतला पुठ्ठा दिसू लागला. मला त्याचे वाईट वाटले नाही. जिथे माणसांचा जीव गुंतला होता, तिथेच मी झिजलो होतो.

माझा एकच कोपरा मात्र कोरा करकरीत राहिला. तो ईशान्येचा. तिथे एक सपाट माळ आहे आणि त्याच्या कडेने कमरेएवढा दगडी बांध जातो. बाईंनी त्या बांधाचा एकेक दगड चिमटीने बसवला होता. पण त्या कोपऱ्यावर कधी बोट आले नाही. बाकीच्या अंगावर चर्चा रंगत आणि तो कोपरा भिंतीकडे तोंड करून गप्प बसलेला असे. भरल्या घरात एकटे पडणे म्हणजे काय, ते मला त्या कोपऱ्यामुळे कळले.

बाई थकल्या आणि मुलीकडे राहायला गेल्या. ताई अध्यक्ष झाल्या. वर्षाची पायी फेरी आधी पुढे ढकलली गेली, मग सगळे ती विसरलेच. “एवढा नकाशा आहे की समोर,” असे म्हणू लागले. लोकांनी माझ्यावर इतका विश्वास ठेवला, की जमीन पायी फिरून पाहणे सोडले.

एकदा चढावर एक नवशिका मोटरसायकलस्वार पडला आणि त्याचा हात मोडला. प्लगदादाने ते मनाला लावून घेतले. पुढच्या बैठकीत तो लांबूनच बोट दाखवून म्हणाला, “नवख्या पोरांना शिकायला सपाट मैदान पाहिजे. हा ईशान्येचा माळ द्या आम्हाला. तिथं कोणीच जात नाही.”

“कशावरून?” साहेबांनी विचारले.

“नकाशाच बघा ना, साहेब. बाकी सगळीकडे रंग उडालाय आणि तिथं कोरी पाटी. इतक्या वर्षांत कोणी बोट ठेवलं नाही, म्हणजे कोणाला ती जागा नकोच आहे.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ओरडावेसे वाटले, पण प्लास्टरला तोंड नसते. कोणाची हरकत असल्यास पुढच्या बैठकीत यावे, अशी सूचना जमिनीच्या फाटकावर लावली गेली.

पुढच्या बैठकीला दारात एक अनोळखी बाई उभी होती. पोशाखावरून ती शिंपीकाम करत असावी. दोऱ्याची टोके अजून बाहीला चिकटलेली होती. तिच्या खांद्यावर हात ठेवून तिचे वडील आले होते. त्यांच्या हातात पांढरी काठी होती.

“मी कोणाची प्रतिनिधी वगैरे नाही,” ती म्हणाली. “फाटकावरचा कागद वाचून आलेय. तुम्ही जो माळ देताय ना, तिथे माझे बाबा रोज चालतात. एकटे. त्यांना दिसत नाही. अख्ख्या शहरात तेवढीच एक जागा आहे, जिथे त्यांना माझा हात धरावा लागत नाही.”

साहेब अवघडून म्हणाले, “बोला ना, जरूर बोला. फक्त आधी जागेवर बोट ठेवा. इथली रीत आहे तशी.”

ती पुढे झाली. माझ्या डोंगरावरून वाकली, चवड्यांवर उभी राहिली, हात ताणला. बोट माळाच्या अलीकडेच थांबले.

“पोचत नाही,” ती हळूच म्हणाली.

“माझा तरी कुठे पोचतो?” ताई म्हणाल्या आणि बोलता बोलता थबकल्या.

प्लगदादा उठला. त्याने स्वतः हात ताणून पाहिला. मग तो माझ्याकडे, भिंतीकडे आणि दाराकडे पाहत राहिला. दार नीट उघडावे म्हणून माझे टेबल पहिल्या दिवसापासून खोलीच्या कोपऱ्यात सरकवलेले होते. ईशान्येचा कोपरा बरोबर दोन भिंतींच्या बेचक्यात होता.

“अरे देवा,” तो म्हणाला. “कोणाला नको म्हणून कोरा नाही राहिला. कोणाचा हातच जात नाही तिथं! धरा रे टेबल.”

सगळ्यांनी मिळून मला खोलीच्या मधोमध ओढले. दार बंद होऊन अडकले आणि चहावाला बाहेरच राहिला. त्याने दार ठोठावले, हाका मारल्या आणि अखेर खिडकीतून किटली आत दिली. पण तेव्हा कोणाचे लक्ष चहाकडे नव्हते.

कारण मुलीने वडिलांचे हात माझ्यावर आणून ठेवले होते.

मित्रांनो, तोवर माझ्यावर बोटे पडली होती ती मुद्दा मांडायला, हक्क सांगायला. त्या म्हाताऱ्याने मात्र दोन्ही तळवे टेकवले आणि सावकाश मला पूर्ण वाचले. डोंगर, नाला, झिजलेला चढ. शेवटी त्याचे हात बांधावर आले आणि दगडादगडावरून हळूहळू सरकू लागले.

“बांध हाच,” तो म्हणाला. “याला हात लावून चालतो मी. संपला की परत फिरतो.” मग हसला. “छान केलाय. फक्त इथला वारा नाही दाखवला कोणी.”

प्लगदादा खाली मान घालून म्हणाला, “काका, आमच्या गाड्यांचा त्रास वाटत असेल तुम्हाला.”

“छे! मी जन्मभर ट्रक चालवला, पोरा. इंजिनाचा आवाज ऐकला की बरंच वाटतं मला. पण तो जवळ आला, की मला माझं पाऊल ऐकू येत नाही. मग मी कुठे आहे ते कळत नाही, एवढंच.”

त्यानंतर कोणी वाद घातला नाही. दुसऱ्याच दिवशी सगळे मंडळ कितीतरी वर्षांनी जमिनीवर पायी गेले. परतल्यावर प्लगदादाचे बोट दक्षिणेच्या जुन्या खडीखाणीवर पडले. “लांब पडेल, पण पोरं येतील,” तो म्हणाला. माळ जसा होता तसा राहिला. शिंपीणबाईंना पायी चालणाऱ्यांच्या प्रतिनिधीची रिकामी पडलेली खुर्ची मिळाली. माझे टेबल प्रत्येक बैठकीआधी मधोमध ओढायचे ठरले आणि काही काळ ते ओढलेही गेले.

मग नवे कार्यालय झाले. भिंतीवर मोठा पडदा आला. प्रतिनिधी आपापल्या घरून बोलू लागले आणि मला इथे आणून टेकवले. त्यांचे आवाजही आता माझ्यापर्यंत येत नाहीत. बंद खोलीतला नकाशा कोणाला काय दाखवणार?

मध्यंतरी एकदा दार उघडले. शिंपीणबाई कसलीशी जुनी सतरंजी शोधत आल्या होत्या. या वेळी एकट्याच. त्यांच्या खांद्यावर कोणाचा हात नव्हता. मला पाहून त्या थांबल्या. मला इथे ठेवताना हमालांनी उलटे फिरवले होते, त्यामुळे ईशान्येचा कोपरा आता दाराकडे आहे. त्यांनी पदराने बांध पुसला. मग डोळे मिटले आणि दोन्ही तळवे त्यावर ठेवून अगदी सावकाश शेवटच्या दगडापर्यंत नेले. तिथे क्षणभर थांबल्या. आणि तिथून परत फिरल्या, पहिल्या दगडापर्यंत.

त्या गेल्यावर मी पाहिले, बांधावरचा रंग थोडासा उडाला होता.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असे मी म्हणणार नाही. माझे काय, मी पुठ्ठ्याचा. पण तुम्ही मोठे व्हाल आणि कधीतरी सगळ्यांच्या मालकीची एखादी गोष्ट वाटून द्यायला बसाल. तेव्हा एखादा कोपरा कोरा दिसला, तर तो कोणाचा नाही असे समजू नका. आधी उठा आणि टेबल भिंतीपासून दूर ओढा.