हात लावू नका

सुनेच्या वेबसाइटची कमाई माझ्यामुळे बुडाली. हे आधीच लिहून टाकते. मागाहून कुणी बोट दाखवण्यापेक्षा मीच दाखवते.

मी चार बुकं शिकले, पण चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. शाई, रक्त, गंज, मशीनचं तेल, कुठलाही डाग आणा, मी काढून देते. मुलगा लिफ्ट दुरुस्त करताना पडला आणि त्याच्या पाठीने कायमची रजा घेतली. तेव्हा सुनेच्या बहिणीने तिच्यासाठी दूरच्या शहरात, एका हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत नोकरी बघितली. राहायला खोली, दोन महिन्यांतून एकदा घरी. नात सहा वर्षांची. सून म्हणाली, "मला एक वर्ष द्या. घरी बसून कमावते."

"घरी बसून काय कमावणार? जांभया?" मी म्हटलं.

तिने माझेच डाग विकायला काढले. मी सांगायचे, ती वेबसाइटवर लिहायची. लेखाखाली साबणाच्या, ब्रशच्या लिंका. तिथून कुणी माल घेतला की दुकान तिला कमिशन देणार. पानाच्या कडेला जाहिराती. वाचणाऱ्याने त्यांवर बोट टेकवलं की जाहिरातवाली कंपनी पैसे देणार.

"नुसतं बोट टेकवायचं?"

"हो, आई."

"आणि तेवढंही लोक करत नाहीत?"

"शंभरात एखादा करतो."

"आळशी मेले."

ती हसली. मग म्हणाली, "पण तुम्ही मात्र जाहिरातींना हात लावू नका हं."

ते मला झोंबलं, कारण ते वाक्य माझं होतं. लग्न होऊन आली त्या आठवड्यात ती माझ्या शिलाई मशीनचं चाक फिरवून बघत होती, तेव्हा मी म्हणाले होते, "हात लावू नकोस." नऊ वर्षांत दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. आता तिच्याकडे कॉम्प्युटर आला, तर बाईसाहेबांनी उट्टं काढलं, असं मी धरलं. नाहीतर माझ्या हाताला मशीनचं तेल असतं म्हणून म्हणाली असेल.

म्हणून मी साबणाने हात धुतले, नखं घासली, कोरडे केले आणि बसले. दुपारी दोनला मुलगा गोळी घेऊन झोपायचा, सून नातीला शाळेतून आणायला जायची. तासभर घर माझं. एकेक पान उघडायचं, प्रत्येक जाहिरातीवर बोट टेकवायचं आणि आत जाऊन दहा आकडे मोजायचे. दुकानात नुसतं डोकावून मागे फिरणं मला पटत नाही. गाद्या पाहिल्या, विमे पाहिले, टकलावरची औषधं पाहिली. वाटायचं, चाळीस वर्षं या बोटाने घर चालवलं, अजून चालवतंय.

त्या महिन्यात कमाई चढली. पुढच्या महिन्यात आणखी. सून स्वयंपाक करता करता गुणगुणायला लागली. एक दिवस माझ्यासमोरच बहिणीला फोन केला, "ती जागा दुसऱ्या कुणाला दे. मी नाही येत." मी डाळ निवडत होते. मान वर केली नाही, पण छाती फुगली होती.

चौथ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. तिने उभ्यानेच वाचलं. तुमच्याच घरच्या इंटरनेटवरून जाहिराती पुन्हापुन्हा उघडल्या गेल्या आहेत, खातं कायमचं बंद, शिल्लक रक्कम मिळणार नाही. उरलं साबणाचं कमिशन. त्यात महिन्याचं दूधही येत नव्हतं.

"चोर आहे कंपनी!" मुलगा पलंगावरून ओरडला. "द्यायची वेळ आली की काहीतरी खोट काढतात."

ती मोरीत जाऊन भांडी घासायला बसली. मी मागोमाग गेले.

"ते मी केलं."

"माहीत आहे. नोंदीत वेळ दिसते, दुपारी दोन ते तीन. त्या वेळी घरात जागं कोण असतं, आई?"

"मग बोल ना! भांड माझ्याशी!"

"काय भांडू? हात लावू नका म्हटलं, का ते सांगितलं नाही. घरच्यांनी जाहिरात उघडली की ती फसवणूक धरतात."

"मीही विचारलं नाही."

"तुम्ही कधी विचारता?"

नऊ वर्षांत पहिल्यांदा ती मला उलटून बोलली. तिने नवऱ्याला सांगितलं नाही. मीही नाही. आज तो हे वाचेल.

बहिणीच्या हातापाया पडून तिने ती जागा परत मिळवली. निघायच्या सकाळी बघितलं तर गणवेशाची पँट चार बोटं लांब. मी मशीनचं झाकण काढलं, खुर्ची पुढे सरकवली. "बैस. तूच घाल टीप. मी सांगते कशी."

तिने मशीनकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "राहू द्या आई. तिकडे दुमडून घालेन." नात झोपली होती. तिला उठवू नका म्हणाली आणि गेली.

रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. नात आधी अर्धा तास बोलते, मग मला फोन देते. गेल्या रविवारी सुनेने हात कॅमेऱ्यासमोर धरले. बोटं सोलली होती, पेरांवर चिरा पडल्या होत्या.

"ब्लीचने झालंय. काय लावू हो, आई?"

चादरीवरचा डाग विचारला असता, तर झोपेतही सांगितलं असतं.

"उद्या विचारून सांगते," मी म्हटलं.