हेल्मेटातलं थर्माकोल

लातूर वेगळा जिल्हा झाला, तसा आमच्या उदगीरचा पाऊस बदली करून घेऊन गेला. लातूरला हजर झाला म्हणावं, तर तिथंही न्हाई. माझ्या दुरुस्तीच्या दुकानावरच्या पत्र्यावर मी चुलीशिवाय चहा उकळायचो. यातलं निम्मं खरं.

मोंढ्यातले अडते मन्मथअप्पा राजदूत मोटारसायकलवर फिरायचे. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत त्यांचं दर आठवड्याला काम निघायचं, आणि लातूरच्या रस्त्यावर दुष्काळी कामाची खडी जागोजाग पसरलेली. म्हणून त्यांच्या बायकोनं, जगदेवीवहिनींनी, हट्टानं हेल्मेट घ्यायला लावलं. त्याचा पट्टा तुटला, तो बसवायला हेल्मेट माझ्याकडं आलं.

त्या दिवशी माझी बायको साबेरा तापानं फणफणलेली. डॉक्टर म्हणाले, औषधाची बाटली गार ठेवा. बर्फ आणावा, तर घरी येईस्तोवर त्याचं पाणी. माझी नजर हेल्मेटवर गेली. आतलं थर्माकोल अलगद काढलं, त्यात बर्फ अन् बाटली ठेवली. हेल्मेटात गोधडीच्या चिंध्या कोंबून वरून अस्तर चिकटवलं. वरचं कवच टणक, आत मऊ लागलं म्हणजे झालं, एवढीच माझी समज. संध्याकाळी अप्पा हेल्मेट घेऊन गेले.

सकाळी मांजरानं फळीवरून ते थर्माकोल पाडलं. खाली शहाबादी फरशी. बाटलीला चीरसुद्धा न्हाई, थर्माकोल मात्र एका अंगानं दबलेलं. त्या खड्ड्यावर बोट ठेवून मी उभाच राहिलो. सगळा मार त्यानं खाल्ला होता. तसाच अनवाणी अप्पांच्या घराकडं पळालो.

अप्पा किक मारत होते.

"अप्पा, थांबा! हेल्मेट पोकळ हाय. साबेराचं औषध गार ठेवायला आतलं थर्माकोल मी काढलंय."

"बरं. मागल्या हप्त्यात किल्ल्यावरच्या भुतानं तुझी बादली नेली होती. दिली का परत?"

"अल्लाकसम, अप्पा!"

"भुताच्या टायमालाही हीच कसम होती, गफूर. सर बाजूला."

वहिनी दारात पदर तोंडाला लावून हसत होत्या.

जन्मभर माझ्या थापा हातोहात खपल्या, अन् आज खरं कुणी घेईना. मी हेल्मेट ओढून घेतलं, डोक्यात घातलं आणि दाराच्या दगडी चौकटीवर जोरात टक्कर मारली.

डोळे उघडले तेव्हा वहिनी तोंडावर पाणी मारत होत्या, आठ दिवसांतून एकदा येणाऱ्या टँकरचं. अप्पा उंबऱ्यावर बसून हेल्मेटातून चिंध्या उपसत होते.

"येड्या, अस्तर फाडून दाखवायचं होतंस की."

"सुचलं न्हाई."

त्यांनी शेवटची चिंधी उपसली. मग म्हणाले, "साबेराचा ताप?"

"उतरला."

त्या दिवशी अप्पा यष्टीनं गेले आणि येताना नवं हेल्मेट घेऊन आले.

पुढं लातूरला निघाले की ते माझ्या दुकानापुढं गाडी थांबवायचे. हेल्मेट उलटं करून आत चहूकडं अंगठा दाबून बघायचे, माझ्याकडं एक नजर टाकायचे, मगच डोक्यात घालायचे. मला राग यायचा न्हाई. त्यांचा अंगठा फिरून होईस्तोवर माझाही श्वास अडकलेला असायचा.