‘जाते’ म्हणायला शिकवणारा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. सध्या बोरिवलीच्या एका चाळीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीचं झाकण म्हणून पडून आहे. टाकीच्या तोंडावर नीट बसावं म्हणून माझी एक बाजू करवतीने कापली आहे. कपडे वाळत घालायला येणाऱ्या बायका माझ्यावर बादल्या टेकवतात.

एके काळी माझा थाट होता. मला घाटकोपरच्या एका सुताराने घडवलं. फळ्या अशा जोडल्या, की सांध्यावरून खडू कधी अडखळला नाही. याच चाळीत तळमजल्यावर श्यामकांत सरांचा इंग्रजीचा क्लास होता. सर मुलांकडून मला रोज ओल्या फडक्याने पुसून घेत. "हा फळा बघा आणि तुमची डोकी बघा," ते मुलांना म्हणत, "फळ्यावर निदान काही उमटतं तरी."

ही माझी स्तुती होती. सरांकडे दुसऱ्या जातीची स्तुती नव्हती.

सरांचा आवडता विषय भविष्यकाळ. माझ्या माथ्यावर कायम लिहिलेलं असे: आय आणि वुई आले की शॅल, बाकी सगळ्यांना विल. जो चुके त्याला सर माझ्यासमोर उभं करत आणि बाकीच्यांना हसायची मुभा देत.

१९८४ साली दहिसरहून सुगंधा येऊ लागली. तिचे वडील लवू गिरणी कामगार. संपानंतर गिरणीने त्यांना परत घेतलं नाही. आता ते खोकत घरी पडून होते, आणि घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. अंधेरीच्या एका कंपनीत टेलिफोनवर बसायला मुलगी हवी होती. तिथला मॅनेजर सरांच्या ओळखीचा. सर नाव सांगतील तिची नोकरी पक्की.

सुगंधाला भविष्यकाळ चांगला येत होता. चूक झाली ती दाराशी. क्लास सुटल्यावर चपला घालता घालता ती म्हणाली, "येते, सर."

"इंग्रजीत."

"आय शॅल कम, सर."

सर खुर्चीतून उठले. "कम? तू आत येतेयस की बाहेर चाललीयस?"

"बाहेर, सर."

"मग?"

"सर, ‘जाते’ असं म्हणत नाहीत ना. घरात आजारी माणूस आहे."

"उद्या टेलिफोनवर काय सांगशील? साहेब गेलाय की आलाय?" मुलं हसली. सुगंधाची मैत्रीण कुंदा, तीही हसली. "चल, फळ्याशी ये. लिही. आय शॅल गो."

तिने लिहिलं.

"आता तृतीय पुरुष. आजारी कोण आहे म्हणालीस?"

"बाबा."

"माय फादर. पुढे?"

सुगंधाने ‘माय फादर विल’ एवढं दाबून लिहिलं आणि हात थांबवला. ती खडू नुसताच टेकवत आणि उचलत होती. माझ्या अंगावर बारीक ठिपके पडत होते.

"सर, दुसऱ्या कोणाचं घेऊ?"

"अंधेरीला दुसऱ्या कोणाला पाठवू?" सरांनी शांतपणे विचारलं.

तिने ‘गो’ लिहिलं. आणखी दाबून, इतकं की खडू मोडला.

"मोठ्याने वाच."

तिने वाचलं.

"करेक्ट. अंधेरीला तुझं नाव कळवतो," सर म्हणाले. त्या दिवशी मला कोणी पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुगंधाची जागा रिकामी होती. "मॅडम कुठायत?" सरांनी कुंदाला विचारलं.

"सर, तिचे बाबा गेले."

"इंग्रजीत."

"सर, अहो..."

"इंग्रजीत, कुंदा."

"हर फादर... वेंट, सर."

"वेंट म्हणजे भूतकाळ," सर म्हणाले. "आपला भविष्यकाळ चालू आहे." मग वळून त्यांनी माझ्यावरचं वाक्य पुसलं. घाईघाईने, कोरड्या डस्टरने.

मित्रांनो, वाक्याने माणूस मरत नाही. लवूंच्या छातीत वर्षानुवर्षांचा कापूस साचला होता. पण दाबून लिहिलेलं कोरड्या डस्टरने जात नाही, हे मला माझ्या अंगावरून ठाऊक आहे.

तेरावं उरकून सुगंधा आली. "सर, अंधेरीचं काय झालं?"

"कंपनी सुतक पाळत नाही, बाई. कुंदाला घेतलं त्यांनी."

सुगंधा माझ्याकडे बघत राहिली. तिची अक्षरं अजून पुसट दिसत होती. मग ती दाराशी गेली, चपला घातल्या आणि वळली.

"आय शॅल गो, सर."

"करेक्ट," सर म्हणाले.

ती पुन्हा आली नाही.

पुढे क्लास बंद पडला. मला गच्चीवर आणून टाकलं. कापलेल्या बाजूबरोबर ‘माय फादर’ गेलं. उन्हं तिरपी झाली, की उरलेलं ‘विल गो’ अजून दिसतं. बायकांना ते बादल्यांचे ओरखडे वाटतात.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही फळा असेल. त्याला रोज ओल्या फडक्याने नीट पुसा. कालचं आजवर ठेवू नका. आणि दाराशी कोणी ‘येते’ म्हणालं, तर त्याचं इंग्रजी विचारू नका. ‘ये’ म्हणा.