बदकांचा नकाशा

“मिस्टर हॅडो, तुम्ही हल्ली तोंडावर फडकं बांधून का उभे असता? दात पडले की काय?”

हा प्रश्न माझा नव्हता. केझाया आणि इमोजेन या माझ्या मैत्रिणींनी पैज लावली होती की मी तो विचारूच शकणार नाही. वर्षापूर्वी खरंच विचारू शकले नसते. तेव्हा मी वर्गात हजेरी द्यायच्या आधीसुद्धा दोनदा घसा खाकरायचे. पण आता मी साधी टॅम्झिन पोकॉक राहिले नव्हते. मी बदकांवाली टॅम्झिन होते, आणि बदकांवाली कुणाला घाबरत नाही असा माझा समज होता.

बदकांचं सांगते. आमचं घर केंटमध्ये, लंडनच्या हद्दीबाहेर, पण दोन शेतं ओलांडली की लंडन. डॅड धुराडी साफ करतो. त्याची बहुतेक गिऱ्हाइकं हद्दीच्या आत आणि व्हॅन तेरा वर्षांची, डिझेलची. अशी जुनी, धूर ओकणारी गाडी शहरात नेली की दिवसाला साडेबारा पौंड भरायचे. कॅमेरे नंबर टिपतात. “गाडी घेतली तेव्हा म्हणाले डिझेल चांगलं, आता म्हणतात डिझेल वाईट,” हे वाक्य डॅड रोज सकाळी टोस्टबरोबर चावायचा.

मग एका रविवारी मी आणि तो सायकली काढून निघालो. जिथं कॅमेरा दिसेल तिथं मी फोनवरच्या नकाशात एक पिवळं बदक काढायचे. असे सहा रविवार गेले. शेवटी सगळी बदकं चुकवून शहरात शिरायची सगळ्यांत जवळची वाट सापडली, डव्हकोट लेन. मी तिच्यावर जाड निळी रेघ ओढली. डॅडनं ती आपल्या मित्रांना दाखवली. छपरं घालणारे, गिलावा करणारे, बागा राखणारे, सगळ्यांकडे माझ्या नकाशाची लिंक गेली. महिन्याभरात बेकरीतल्या बाई मला फुकट बन द्यायला लागल्या आणि बारावीतली मुलं नावानं हाक मारायला लागली. माझी मान कधी नव्हे ती ताठ झाली होती.

त्याच लेनवर लहान मुलांची शाळा आहे. मीही तिथंच शिकले. मिस्टर हॅडो तिथं हातात उंच दांड्याची ‘थांबा’ लिहिलेली गोल पाटी घेऊन मुलांना रस्ता ओलांडून देतात, आणि त्याआधी चर्चच्या हॉलपासून त्यांची ‘चालती बस’ घेऊन येतात. चालती बस म्हणजे एक लांब दोर, त्याला रंगीत कापडी कड्या. एकेका मुलानं एकेक कडी धरायची आणि रांगेनं चालायचं.

तर हॉलसमोर मी तो प्रश्न विचारला. मागं केझाया आणि इमोजेन एकमेकींच्या कोटात तोंड खुपसून हसत होत्या.

मिस्टर हॅडोंनी फडकं खाली ओढलं आणि दात दाखवले. “सगळे नाहीत, पण पाव तोडण्यापुरते आहेत. उत्तर ऐकायचंय की नुसतं विचारून पळायचंय?”

“ऐकायचंय,” मी म्हटलं. मैत्रिणी बघत होत्या ना.

“मग दोराचं शेवटचं टोक धर. धरायला कुणी नसलं की ते चिखलात लोळतं.”

दोराला अठरा कड्या होत्या. मुलं पाच.

“बाकीची आजारी आहेत का?”

“ठणठणीत आहेत. गाडीतून येतात. आयांना वाटतं, लेनवर गाड्या फार झाल्या, पोर चालत कसं पाठवू? म्हणून त्या गाडी काढतात. म्हणजे गाड्या आणखी झाल्या.” मिस्टर हॅडो पुढं चालायला लागले. “शुक्रवारी शाळेत बैठक आहे. पाचाची चार झाली तर चालती बस बंद करणार म्हणतात.”

डव्हकोट लेन तुम्ही पाहिली नसेल. दोन्ही बाजूंना उंच विटांच्या भिंती, वर आयव्हीचे वेल, मधे एक गाडी जेमतेम जाईल इतकीच वाट. पूर्वी इथं सकाळी दूधवाला आणि एक मांजर एवढेच भेटायचे. आम्ही पन्नास पावलं गेलो असू, तेवढ्यात मागून एक व्हॅन आली. मग दुसरी, मग तिसरी. पुढच्या वळणावर समोरून कचऱ्याचा ट्रक आला आणि सगळं जागच्या जागी अडकलं. इंजिनं मात्र चालूच.

“ससे बिळात,” मिस्टर हॅडो शांतपणे म्हणाले.

पाचही मुलांनी आपापल्या मफलरमध्ये नाकापर्यंत तोंड घातलं. इतक्या सराईतपणे, जणू रोजचंच. ती हसत होती. त्यांच्यासाठी तो खेळ होता.

मी पाहिलं. व्हॅनची धुराची नळी आणि पाच वर्षांच्या मुलाचं नाक जवळजवळ एकाच उंचीवर असतं. मला हे कधी सुचलंच नव्हतं, कारण माझं नाक आता बरंच वर गेलंय.

माझ्या पुढच्या कडीला डॉटी नावाची मुलगी होती. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. “तुला बीळच नाहीये.”

“नाही, मी मफलर आणला नाही.”

“मग माझं अर्धं घे,” ती म्हणाली आणि तिनं मफलरचं लोंबणारं टोक माझ्याकडे केलं. घ्यायचं तर मला गुडघ्यावर बसावं लागलं असतं. मी बसले. तिथं खाली श्वास घेतला आणि खोकला आला.

तेवढ्यात शेजारच्या व्हॅनची काच खाली झाली. “अगं, तू ग्लेन पोकॉकची पोरगी ना? बदकांवाली?” गिलाव्याचे पांढरे ठिपके पडलेला एक माणूस हसत होता. त्याच्या समोर फोन अडकवलेला, फोनवर माझी निळी रेघ आणि माझी पिवळी बदकं. “तुझ्यामुळे घर चालतंय बघ आमचं. पुढं नवीन बदक नाही ना बसलं?”

“नाही,” मी म्हटलं. माझा जुना आवाज परत आला होता, हजेरीच्या वेळचा.

मिस्टर हॅडोंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. वाट मोकळी झाल्यावर आम्ही शाळेशी पोचलो, मुलं फाटकातून आत गेली, डॉटीनं हात हलवला, आणि मग त्यांनी दोर गुंडाळायला घेतला.

मला गप्प राहवेना. “तुम्ही मला बोलणार असाल तर बोला.”

“कशाबद्दल?”

“नकाशा मी केलाय. पण हा सगळा लुबाडायचा धंदा आहे. ज्यांच्याकडे पैसे आहेत ते नवीन गाडी घेऊन ऐटीत जातात. माझ्या डॅडनं काय करायचं? जुनी गाडी मोडीत काढायला मदत दिली ती हद्दीच्या आतल्या लोकांना. आम्ही दोन शेतं अलीकडे राहतो म्हणून आम्हाला दमडी नाही.”

“बरोबर आहे तुझं.”

मी पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. “बरोबर आहे?”

“शंभर टक्के. त्याबद्दल अर्ज कर, मी पहिली सही करतो. पण मला सांग, तुझं भांडण कुणाशी आहे?”

“शहर चालवणाऱ्यांशी.”

“त्यांच्यापैकी कुणी या लेनवर राहतं का?”

मी भिंतींकडे पाहिलं.

“एकतीस वर्षं मी बस चालवली,” ते म्हणाले. “हिवाळ्यात सकाळी डेपोत चाळीस इंजिनं एकदम सुरू व्हायची आणि आम्ही त्या धुरात उभं राहून चहा प्यायचो. कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आता जिना चढताना मधे थांबावं लागतं. म्हणून हे फडकं. तू विचारलंस ते बरं केलंस. एवढ्या महिन्यांत विचारणारी तू पहिलीच.”

“तो कॅमेऱ्यांचा मोठा रस्ता आहे ना,” ते पुढं म्हणाले, “तिथं दोन्ही बाजूंना मोकळी शेतं. तिथला धूर निदान वाऱ्यावर जातो. इथं भिंतीत बसून राहतो. तुझ्या डॅडला शुल्क चुकवता आलं, मान्य. पण धूर चुकला का गं? तो नुसता वळला. आणि वळून कुणाकडे गेला ते तू आत्ता पाहिलंस.”

त्या दिवशी शाळेत माझं कशातच लक्ष लागेना. केझाया म्हणाली, “मग? दात आहेत का?” मी म्हटलं, “आहेत.” इमोजेन म्हणाली, “पैज जिंकलीस, चेहरा असा का उतरलाय?” रसायनशास्त्राच्या तासाला मी बाकाखाली पाय हलवत राहिले, इतके की पुढची मुलगी वैतागून सरकून बसली.

दुपारच्या सुट्टीत मला उपाय सुचला. इतका सोपा, की मी वाचनालयाकडे पळत गेले. रेघ बदलायची! बदकं आहेत तिथंच राहतील, फक्त वाट दुसरीकडून काढायची. डॅडही खूश, डॉटीही खूश.

मी नकाशाची एक प्रत काढली, तिच्यातली डव्हकोट लेनवरची निळी रेघ पुसली आणि मिल रोडवरून नेली. तिथं वृद्धांचं निवासस्थान आहे, म्हातारी माणसं बाहेर बाकावर ऊन खात बसतात. पुसली. चर्चमागून नेली. तिथं केझायाच्या आजीचं घर, स्वयंपाकघराची खिडकी थेट रस्त्यावर. पुसली. तलावाकडून नेली, तर तिथं नव्या घरांत बाबागाड्याच बाबागाड्या. पुसली. घंटा झाली तरी मी रेघा ओढत आणि पुसत होते. बोट दुखायला लागलं. प्रत्येक रेघ कुणाच्या तरी दारावरून जात होती. नकाशावर मी कॅमेरे काढले होते, सगळेच्या सगळे, एकही न चुकता. माणूस एकही काढला नव्हता.

संध्याकाळी पाच वाजता डॅड हातावरची काजळी धुऊन टेबलाशी बसला. ममनं टोस्टवर बीन्स वाढल्या. मम त्याच लहान मुलांच्या शाळेत जेवण वाढायचं काम करते. मी काटा हातात घेतला आणि खाली ठेवला.

“मम, तुझ्या शाळेत मुलं मफलरमध्ये तोंड घालतात हे तुला माहीत होतं?”

ममचा डाव हवेतच राहिला. “माहीत होतं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“कसं सांगू?” ती हळू म्हणाली. “पंधरा वर्षांत पहिल्यांदा तू घरी येऊन बडबडत होतीस. लोक तुला हाका मारत होते. शाळेत हवेसाठी उघडायच्या खिडक्या आम्ही धुरामुळे बंद केल्या, आणि मी स्वतःला म्हटलं, उद्या सांगू.”

डॅडनं दोघींकडे पाहिलं. “हे काय चाललंय? मी गुन्हेगार आहे का? पोटासाठी गाडी चालवतो.”

“नाहीस,” मी म्हटलं. “पण डॅड, जोडघराचं धुराडं झाडायच्या आधी तू काय करतोस?”

“काय म्हणजे? दोन्ही घरांचं धुराडं एकच, म्हणून शेजारच्यांच्या शेगडीच्या तोंडाला चादर लावून येतो. नाहीतर काजळी त्यांच्या दिवाणखान्यात पडेल.”

“त्याचे पैसे देतात?”

“त्याचे कसले पैसे? तेवढं करावंच लागतं. त्यांनी का म्हणून...” तो थांबला. बीन्स काट्यानं बाजूला सारल्या. मग म्हणाला, “ती वेगळी गोष्ट आहे.” आणि मग, बऱ्याच खालच्या आवाजात, “मग मी जाऊ कसा, टॅम? रोजचे साडेबारा पौंड मी कुठून आणू?”

तुम्हाला सांगते, हा प्रश्न खोटा नाही, आणि ज्यांनी नियम केला त्यांनी त्याचं उत्तर द्यायलाच हवं. पण आपल्यावर अन्याय झाला म्हणून तो उचलून आपल्याहून लहानांच्या पुढ्यात टाकायचा हक्क आपल्याला मिळत नाही. आपण सगळे हे करतो. घरासमोरचा कचरा दुसऱ्याच्या घरासमोर सरकवतो आणि स्वच्छता झाली म्हणतो. मी तर सरकवायची वाटच आखून दिली होती, आणि त्याबद्दल बन खाल्ले होते.

मी उभी राहिले. बसून बोलता येईना.

“ऐका दोघंही. माझं ठरलंय. जेवण झालं की मी नकाशा काढून टाकणार आहे. गुपचूप नाही. त्या जागी मी काय पाहिलं ते लिहिणार आहे, खाली माझं नाव घालून. लोक चिडतील, बारावीतली मुलं हाका मारायची बंद होतील, डॅडचे मित्र काहीबाही बोलतील. बोलू देत. डॅड, शुल्क दिवसाचं असतं, खेपेचं नाही. तुझी डायरी मला दे. लंडनची सगळी गिऱ्हाइकं मी आठवड्यातल्या दोनच दिवसांत बसवते, स्वतः फोन करून. त्या दोन दिवशी तू पैसे भरून मोठ्या रस्त्यानं जायचंस. आपल्यासारख्या हद्दीबाहेरच्यांनाही मदत मिळावी म्हणून अर्ज मी लिहिणार, पहिली सही मिस्टर हॅडोंची आणि दुसरी तुझी. आणि मम, शुक्रवारच्या बैठकीत मी बोलणार आहे. मफलर कुणामुळे वर घ्यावे लागले ते मी त्या आयांना उभं राहून सांगणार, आणि मग दोर धरायला त्यांची मुलं परत मागणार.”