ओठांनी दाखवलेली दिशा

मिनिआपोलिसच्या त्या स्टुडिओत गिरिजाची चेष्टा कुणीच करत नसे, आणि तेच तिच्या मनाला लागून राहिलं होतं.

ओजिब्वे या अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातीच्या मंडळींनी स्वतः लिहिलेल्या, स्वतःच वठवलेल्या प्रहसनांचा तो टीव्ही कार्यक्रम. चित्रपटनिर्मिती शिकायला नागपूरहून आलेली गिरिजा चार महिन्यांपासून तिथे कॅमेरा सांभाळत होती. जो आपला, त्याची टर उडवायची, हा तिथला रिवाज. टर उडवून झाली की शेवटी एक लांबलचक ‘एऽऽ’; डंख मारायचा आणि विष लगेच परत घ्यायचं. दिग्दर्शिका डॅनाच्या केसांपासून व्हॅनवाल्याच्या तिसऱ्या लग्नापर्यंत सगळ्यांच्या वाट्याला तो ‘एऽऽ’ येई. गिरिजाच्या वाट्याला यायचं ते ‘थँक यू’: धुतलेलं, घडी घातलेलं, पाहुण्यांसाठी राखलेलं.

शिवाय तिथली माणसं दिशा बोटानं दाखवत नसत. ओठ किंचित पुढे काढत, बस. पहिले कित्येक दिवस तिच्या नजरेतून ते इशारे निसटले. मग हळूहळू तिची नजर ओठांवर स्थिरावली आणि हात नजरेच्या मागून आपोआप जाऊ लागले.

त्या दिवशी बर्निस आँटींचं प्रहसन होतं. सत्तरीच्या आँटी रस्ता सांगणारं यंत्र झाल्या होत्या. पुठ्ठ्याच्या मोटारीत, डॅशबोर्डच्या चौकटीतून त्यांचा चेहरा तेवढा दिसत होता.

“कुठे वळू?” गाडी चालवणाऱ्या नटानं विचारलं.

“पूर्वी बेकरी होती, तिथून.”

“ती कुठे होती?”

“आईला विचार तुझ्या. मग तिकडे.” आँटींनी ओठ डावीकडे काढले.

कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावरच ठेवायचा होता. पण गिरिजाचे हात तिच्याआधी निघाले. कॅमेरा सर्रकन डावीकडे वळला आणि मॉनिटरवर अवतरली डॅना, तोंडात अर्धं सँडविच धरून.

चार महिन्यांचा मान गेला आणि बहुधा कामही, असं गिरिजाला वाटलं.

तेवढ्यात चौकटीतून तोच यांत्रिक आवाज आला. “बघ, त्या मुलीला रस्ता कळला. चार महिने लागले. एऽऽ.”

हशा थेट छताच्या दिव्यांना जाऊन भिडला. गिरिजाच्या आत कुठेतरी एक बंद खिडकी उघडली.

डॅना घास गिळत पुढे आली. “हे असंच ठेवायचं,” ती म्हणाली. मग कपाळाला आठ्या घालून, “पण कॅमेरा फिरवायला तुला सांगितलं कोणी?”

गिरिजाचे दोन्ही हात कॅमेऱ्याच्या दांड्यावर होते. वडीलधाऱ्या माणसाची टर उडवायची? घरची सगळी शिस्त घशाशी आली. तिनं ती गिळली, ओठ पुढे काढले आणि आँटींकडे दाखवलं.

हसणं पुन्हा उसळलं. बर्निस आँटींनी चौकटीतून मान बाहेर काढून तिला न्याहाळलं.

“आणि शेवटचं कोण म्हणणार? मी?”

“एऽऽ,” गिरिजा म्हणाली.