आबांची पट्टी

बुद्धभूषणने कॉम्प्युटर उघडला तो फुकटच्या शहाणपणाने. यंत्र रखडलं होतं. एक फाइल उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. एमजी रोडवरून त्याने नवी रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, आणली, जुनी पट्टी उपसून काढली, नवी खटकन बसवली. इथवर ठीक. पण मशीन घुटमळतच राहिलं आणि गड्याचं डोकं फिरलं. मागंपुढं न बघता त्याने सगळं फॉरमॅट मारलं.

त्यात आबांची गाणी गेली.

सहादूआबा म्हणजे त्याचे वडील. सातपूरला कारखान्यात राबायचे आणि घरी आले की स्वतः रचलेली भीमगीतं म्हणायचे. शेवटच्या आजारात सुनेनं, अंजलीनं, ती रेकॉर्ड केली होती. दुसरीकडे कुठंच नव्हती.

“आबांचं लाव ना रे,” दुपारी सुलाबाई म्हणाली.

“आई, ते... जुन्या मेमरीत राहिलं.”

गेलं तोंडातून. वीज बंद झाली की रॅममध्ये काडीचंही उरत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. आईला कुठून असणार?

तिने ती हिरवी पट्टी पदराने पुसली आणि आबांच्या फोटोसमोर ठेवली. शेजारच्या मालनबाई आल्या तर त्यांना म्हणाली, “यात हायेत आमचे हे. हात नका लावू, लय नाजूक हाय.”

स्वयंपाकघरात अंजलीने भांडं आपटलं. “अहो, त्या पट्टीपुढं मेणबत्ती लावतात आई. सांगताय, की मी सांगू?”

“सांगतो गं.”

“कधी? त्याही गेल्यावर?”

संध्याकाळी सुलाबाईच पट्टी घेऊन आली. “भूषण, हीच बसव परत. हळू चाललं तर चालंल. मला कुठं घाई हाय?”

त्याला मान वर करवेना. “आई, यात काही नाही. कधीच नव्हतं. गाणी मी पुसली. खोटं बोललो तुझ्याशी.”

तिने कानाखाली वाजवली असती तर सुटला असता. ती नुसती खाली बसली.

“मग तू म्हण.”

“काय?”

“आबांचं गाणं. जल्मापासून ऐकलंस. कोणतंबी म्हण.”

त्याने घसा खाकरला. पहिली ओळ आली. दुसरीला नुसती चाल आली, शब्द नाहीत. आबा गायला बसले की हा कानात हेडफोन घालायचा. मग चालही तुटली.

सुलाबाई त्याच्या तोंडाकडे बघत बसून राहिली.

“म्हण की,” ती म्हणाली.